‘अस्सल’ आणि ‘दुरुस्त’ : विकत घेतलेल्या जीवाश्म दाताच्या परीक्षेची परिभाषा

विकत घेतलेला जीवाश्म दात परीक्षेसाठी पुढे येतो, तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा एकच प्रश्न येतो : ‘हा अस्सल आहे काय?’ प्रश्न साधा दिसतो आणि त्याचे उत्तर एका शब्दात मिळावे, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. वस्तुतः या एका प्रश्नात किमान तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पदार्थ कोणता, त्यावर माणसाचा हात कोठवर फिरला आहे, आणि तो आला कोठून, हे ते तीन प्रश्न होत. त्यांची उत्तरे परस्परांपासून स्वतंत्र असू शकतात. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असून तिसऱ्याचे ‘नाही’ असू शकते, आणि अशाच दातांनी विद्वानांची सर्वांत अधिक फसवणूक केलेली आहे. हा घोटाळा केवळ परीक्षकाच्या अनवधानाने होतो असे नाही. त्यात भाषेचाही वाटा आहे.

‘अस्सल’ हा शब्द अरबी ‘अस्ल’पासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ झाडाचे मूळ, उगम असा आहे. त्याच्या विरोधी उभा असलेला ‘नक्कल’ हा शब्दही अरबीच. त्यात एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे आणि उतरवून घेणे असे दोन्ही अर्थ आहेत. ‘बनावट’ या शब्दाचा प्रवास आणखी बोलका आहे. ‘बनणे’पासून आलेल्या या शब्दाचा ‘घडण’ हा निरुपद्रवी अर्थ मराठीत आजही जिवंत आहे, आणि त्याच्याच शेजारी ‘खोटा, फसवा’ हा अर्थही नांदतो. ‘दुरुस्त’ हा फारसी शब्द. मुळात त्याचा अर्थ धड, अभंग, बरोबर असा होता. मराठीने त्यावरून ‘दुरुस्ती’ हे नाम घेतले आणि त्याला दोन कामे लावली. मोडलेली वस्तू सांधणे ही दुरुस्ती, आणि चुकलेला पाठ सुधारणे हीही दुरुस्तीच. इंग्रजीत या दोन क्रियांना दोन शब्द आहेत. मराठीत एकच असल्यामुळे मोडलेला दात सांधणारा कारागीर आणि पोथीतील अशुद्ध ओवी सुधारणारा संपादक एकाच क्रियापदाचे कर्ते ठरतात. हा योगायोग येथे उपयोगी पडणारा आहे.

फलटण हे गाव उदाहरणादाखल घेतले तर या तिन्ही प्रश्नांची गाठ चांगली उकलते. बाणगंगेच्या काठचे हे गाव दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेले आहे. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी थरांवर थर पसरत गेलेला लाव्हा होय. थिजलेल्या लाव्ह्यात दात टिकत नाहीत. दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात मासे, बेडूक, कासवे यांचे अवशेष सापडतात. नागपूरच्या बाजूस आणि मुंबईच्या मलबार टेकडीवर असे थर प्रसिद्ध आहेत. याहून पुष्कळ अलीकडचा म्हणजे नद्यांचा गाळ. १९०५ मध्ये गाय पिलग्रिम यांनी गोदावरीच्या गाळातील प्राचीन हत्तीची नोंद प्रसिद्ध केली. मांजरा खोऱ्यातही हत्ती, रानगुरे इत्यादींचे अवशेष अभ्यासकांना मिळालेले आहेत. तेव्हा नीरा-बाणगंगेच्या परिसरातून आलेला म्हणून कोणी हत्तीची दाढ वा गुराचा दात दाखविला, तर तो दावा निदान विचारात घेण्याजोगा ठरतो. परंतु त्याच परिसरातून मेगॅलोडॉन या प्रचंड शार्कचा किंवा मोसासॉर या सागरी सरड्याचा दात मिळाला असे कोणी म्हणेल, तर भिंग हाती घेण्यापूर्वीच ते म्हणणे बाजूला ठेवावे लागेल. तेथे त्या काळाचा समुद्रतळ नाही. दात खरा असेलही. तो तेथला नाही, एवढे जमीन स्वतःच सांगते.

फलटण निवडण्याचे दुसरे कारण पोथ्यांशी निगडित आहे. महानुभाव पंथाच्या परंपरेनुसार पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी यांचा जन्म फलटणचा. त्यामुळे हे गाव पंथीयांचे मोठे क्षेत्र आहे. आणि मराठीत ‘मूळ’ व ‘दुरुस्ती’ यांचा विचार जेथे जेथे खोलात जाऊन झाला आहे, तेथे महानुभाव वाङ्मयाचा संबंध टाळता येत नाही. त्याकडे पुढे वळू.

प्रथम पदार्थ. दाताची रचना हीच त्याची पहिली साक्ष असते. वरचे एनॅमल कठीण, चकचकीत आणि सूक्ष्म भेगांनी रेखलेले. आतील डेंटिन त्याहून मऊ आणि निराळ्या रंगाचे. मुळाचा भाग सच्छिद्र. जमिनीत मुरताना या तिन्ही थरांत खनिजे सारख्या प्रमाणात शिरत नाहीत, म्हणून खऱ्या जीवाश्म दाताचा रंग एकसारखा नसतो. साच्यात ओतलेल्या रेझीनच्या दाताला हे जमत नाही. त्याच्यावर बारीक बुडबुड्यांचे खळगे असतात, साच्याच्या जोडाची रेघ राहून जाते, वजन हलके लागते, आणि एकाच साच्यातून निघालेल्या दोन दातांवर नेमका एकाच जागी एकच टवका उडालेला दिसतो. अशा ओतीव दाताला ओळखणे फारसे अवघड नाही, आणि त्यावर अधिक लिहिण्याचेही कारण नाही. बाजारात धोका त्याचा कमी. खऱ्या दातावर चढलेल्या हाताचा अधिक.

शार्कच्या मोठ्या दातांचे उदाहरण घेता येईल. शिखराचा भाग टणक असल्याने टिकतो. मूळ सच्छिद्र असल्याने झिजते, तुटते. विक्रीस आलेल्या पुष्कळ दातांना म्हणून प्लास्टर वा रेझीनचे मूळ बसविलेले असते. कडेवरील करवतीचे दाते झिजलेले असतील तर ते पुन्हा कोरतात, आणि मूळ व शिखर यांच्यामधला गडद पट्टा रंगाने ओढतात. मराठीत ‘मूळ’ हा एकच शब्द दाताच्या मुळालाही आहे आणि मूळ प्रतीलाही. येथे तर मुळाचीच दुरुस्ती झालेली. मोरोक्कोच्या वाळूखडकातून येणाऱ्या डायनोसोरांच्या दातांच्या भेगा त्याच वाळूत गोंद कालवून बुजवितात. दोन वेगळ्या दातांचे तुकडे जोडून एक लांबलचक दातही तयार होतो. जंबुपार प्रकाशाखाली गोंद आणि रेझीन बहुधा खनिजाहून निराळे उजळतात. अॅसिटोनचा बोळा फिरविला तर रंग आणि काही प्रकारचे गोंद सुटतात. भिंगाखाली पाहिले तर खरी भेग वरील थरातून आत गेलेली असते आणि रंगविलेली भेग पृष्ठभागावरच थांबते. या कसोट्या कोणत्याही प्रयोगशाळेत, किंबहुना घरीही, करता येतील.

पण कसोटीने ‘येथे गोंद आहे’ एवढेच कळते. त्या गोंदाचा अर्थ काय लावायचा, हा निवाड्याचा भाग आहे. एकाच दाताचे तुटलेले दोन तुकडे सांधणे, ठिसूळ हाड रसायन पाजून टणक करणे, गेलेला भाग नव्याने भरणे, आणि दोन दातांचा एक करणे या चारही क्रियांना मराठीत ‘दुरुस्ती’ म्हणतात. त्यांपैकी पहिल्या दोन जगातील प्रत्येक संग्रहालयात रोज चालतात आणि त्यांना आक्षेप घेणे हे अज्ञान होय. तिसरी क्रिया तिची कबुली दिलेली असेल तर निर्दोष, लपविलेली असेल तर सदोष. चौथीत तर जी वस्तू कधी अस्तित्वातच नव्हती ती निर्माण होते. विक्रेता ‘थोडी दुरुस्ती केलेली आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. या शब्दाच्या प्रशस्तपणाचा तो लाभ घेत असतो.

तिसऱ्या क्रियेचे टोक कोठवर जाते, हे पिल्टडाउनच्या सुळ्याने दाखविले. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात सापडलेले कवटीचे तुकडे व जबडा चार्ल्स डॉसन आणि आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी डिसेंबर १९१२ मध्ये विद्वानांपुढे ठेवले. जबड्यात सुळा नव्हता. वुडवर्ड यांनी प्लास्टरच्या प्रतिकृतीत तो कल्पनेने भरला : माकडाच्या सुळ्याहून लहान, माणसाच्याहून मोठा. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याच जागी तेयार द शार्दँ यांना एक सुळा मिळाला, आणि तो प्लास्टरच्या सुळ्याशी जवळजवळ जुळला. अनुमान खरे ठरले म्हणून ही घटना तेव्हा गौरविली गेली. खरे तर संशय घ्यायचा तो येथेच. दुरुस्तीने जे मागितले तेच जमिनीने आणून दिले, हा पुराव्याचा गुण नव्हे. १९१६ मध्ये कोर्टनी लाइन या दंतवैद्याने त्या सुळ्यातील विसंगती दाखविली होती. दात झिजलेला म्हाताऱ्याचा, पण आतील पोकळी मात्र तरुण दाताची. या एका निरीक्षणाकडे दुर्लक्ष झाले नसते, तर पुढची सदतीस वर्षे वाचली असती. १९५३ मध्ये जोसेफ वायनर, ल ग्रो क्लार्क आणि केनेथ ओकली यांनी फ्लोरिनच्या प्रमाणासह अनेक कसोट्या लावून प्रकरण निकालात काढले. सुळा कानशीने घासलेला आणि रंगाने माखलेला होता. जबडा व सुळा ओरांगउटानाचे होते, हे पुढील संशोधनाने निश्चित झाले.

त्याच खड्ड्यातून निघालेल्या हत्तीच्या दाढेची गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती सुळ्याहून महत्त्वाची आहे. दाढेचे ते तुकडे घासलेले नव्हते, ओतीव नव्हते. खऱ्या प्राचीन हत्तीचे खरे जीवाश्म होते. त्यांतील किरणोत्सार मोजला तेव्हा तो इंग्लंडमधील कोणत्याही जीवाश्माच्या मानाने फारच अधिक आढळला आणि ट्युनिशियातील इश्क्युल येथील अवशेषांशी मिळता आला. म्हणजे पदार्थ अस्सल, घडण अस्सल, स्थळ तेवढे खोटे. ‘अस्सल आहे काय’ या प्रश्नाला या दाढेने प्रामाणिकपणे ‘होय’ म्हटले असते, आणि ते उत्तर पूर्णपणे दिशाभूल करणारे ठरले असते. ‘नक्कल’ या शब्दाचा एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे हा जुना अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो.

भारतीय विद्यापीठांना हा धडा परका नाही. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे भूशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पंजाब विद्यापीठाचे विश्वजित गुप्ता यांच्या हिमालयीन जीवाश्मांविषयी लेख लिहिला. हिमालयातून मिळाले म्हणून प्रसिद्ध झालेले काही कोनोडाँट, म्हणजे लुप्त जलचरांच्या मुखातील दातासारखे सूक्ष्म अवयव, न्यूयॉर्क राज्यातील अॅम्सडेल क्रीक या स्थळाच्या कोनोडाँटांशी तंतोतंत मिळतात, आणि काही शंखवर्गीय जीवाश्म मोरोक्कोतून येऊन युरोपच्या दुकानांत विकले जाणाऱ्या वाणाचे आहेत, असा त्यांचा आरोप होता. गुप्तांनी तो नाकारला. वाद कोणत्याही जीवाश्माच्या खरेपणाचा नव्हता, स्थळाचा होता. आणि तेवढ्याने हिमालयाच्या स्तररचनेविषयीच्या अनेक निबंधांचा आधार डळमळला.

तर मग विकत घेतलेला दात अभ्यासाला अपात्रच समजावा काय? तसे म्हणता येत नाही. राल्फ फॉन कोनिग्सवाल्ड यांना १९३५ मध्ये हाँगकाँगच्या एका औषधी दुकानात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ढिगात एक अवाढव्य दाढ मिळाली. त्या एका दाढेवरून त्यांनी ‘जायगँटोपिथेकस’ या महाकाय वानराला नाव दिले. दुकानदाराने सांगितलेल्या स्थळावर त्यांनी विसंबून राहणे पत्करले नाही. तशा दातांची मुळे साळिंदरांनी कुरतडलेली होती, पोकळीत पिवळी माती चिकटलेली होती. त्यावरून हे दात गुहांतले असावेत, असे त्यांनी ठरविले. १९५६ मध्ये दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतात लियूचेंग येथे त्या वानराचा जबडा मिळाला आणि अनुमान स्थिरावले. चिकटलेली माती हीच तेथे पुष्पिका होती. हौशी संग्राहक दात धुऊन, घासून, पॉलिश करून ठेवतात, तेव्हा ते नेमकी हीच पुष्पिका पुसून टाकतात.

पुष्पिका हा शब्द येथे केवळ रूपक म्हणून आलेला नाही. हस्तलिखिताच्या शेवटी लेखकाचे नाव, शक, स्थळ देणारी पुष्पिका असते. आणि हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हेही ठाऊक असते की, नकलणारा पुष्कळदा मूळ प्रतीतील पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवितो. पोथी पुढच्या शतकातली, शक मागच्या शतकातला. यात लबाडी कोणाचीच नसते, तरी पुष्पिकेवर विसंबणारा फसतो. दाताबरोबर आलेल्या कागदी चिठ्ठीची स्थिती अशीच आहे. पेटी बदलते, दात विकला जातो, चिठ्ठी मागे राहते किंवा दुसऱ्याच दाताबरोबर पुढे जाते. याउलट महानुभावांनी स्थळाविषयी दाखविलेली दक्षता पाहावी. ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरांच्या संबंधाने पुनीत झालेल्या स्थानांची नोंद दिशा, अंतर, दरवाजाचे तोंड इतक्या तपशिलाने केलेली आहे. पंथीय ज्या पाषाणांना वंदन करतात ते दिसायला इतर पाषाणांसारखेच. त्यांचे सर्व मोल संबंधात आहे, आणि संबंध टिकतो तो नोंदीमुळे. श्रद्धेचा भाग वेगळा ठेवला तरी वस्तूचे प्रामाण्य तिच्या द्रव्यात नसून तिच्या स्थानसंबंधात आहे, हा विचार त्या ग्रंथकारांना स्पष्ट होता. आजच्या कित्येक संग्रहसूचींना तो नाही.

चौथा एक प्रश्न थोडक्यात उरकता येईल. १९२२ मध्ये हेन्री ऑस्बर्न यांनी अमेरिकेतील नेब्रास्का येथील एका झिजलेल्या दाढेवरून ‘हेस्पेरोपिथेकस’ हा मानवसदृश वानर उभा केला. १९२७ मध्ये ती दाढ पेकारी या डुकरासारख्या जनावराची ठरली. दात खरा, दुरुस्ती नाही, स्थळ खरे, वाचन चुकले. येथे ‘अस्सल’ या शब्दाचा काहीच उपयोग नव्हता.

आता पोथ्यांच्या दुरुस्तीकडे वळू. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि पुढे ग्रंथ स्मरणावरून पुन्हा उभारला गेला, असे परंपरा सांगते. त्यातून अनेक पाठ निर्माण झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पंथाने ते पाठ एकत्र घोटून एक गुळगुळीत ग्रंथ केला नाही. हिराइसा, परशुरामबास इत्यादींच्या नावांनी ते ओळखले जात राहिले. दुरुस्ती झाली, पण दुरुस्त करणाऱ्याचे नाव पाठाला चिकटून राहिले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाची स्थिती निराळी आहे. ते शुद्धीकरण निष्ठेने झाले आणि त्याची कबुलीही स्पष्ट आहे. परंतु कोठे काय बदलले, हे मात्र आज दाखविता येत नाही. सांधा आहे हे ठाऊक, सांध्याची रेघ दिसत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून जी ज्ञानेश्वरी छापली, तिच्यामुळे मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाला चालना मिळाली यात वाद नाही. राजवाड्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचेही कारण नाही. पण ती पोथी पुढील अभ्यासकांना तपासायला मिळाली नाही, आणि म्हणून तिच्यावर उभारलेल्या भाषिक निष्कर्षांना छापील पाठापलीकडे आधार उरला नाही. ज्याची पुन्हा परीक्षा होऊ शकत नाही असा पुरावा अस्सल असला तरी अपुरा असतो.

यावर कोणी आक्षेप घेईल की, पोथी आणि दात यांची तुलना फार ताणू नये. पोथीच्या अनेक प्रती असतात, त्यांचा वंशवृक्ष मांडता येतो. दात एकुलता एक असतो. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. एका दाताला प्रती नसल्या तरी त्या प्राण्याचे इतर दात असतात, आणि दात उगवण्याचे, झिजण्याचे नियम ठरलेले असतात. भाषेच्या इतिहासात ध्वनिनियम जे काम करतात, तेच काम दंतरचनेचे नियम येथे करतात. मोरोक्कोतील फॉस्फेटच्या खाणीतून आलेल्या एका जबड्यावरून २०२१ मध्ये ‘झेनोडेन्स’ ही मोसासॉरची नवी जात वर्णिली गेली. २०२४ मध्ये हेन्री शार्प आणि सहकाऱ्यांनी तिच्याविषयी शंका मांडली, ती मुख्यतः अशाच नियमांच्या आधारे. मोसासॉरच्या एका खोबणीत एक दात उगवतो. येथे एकेका खोबणीवर दोन दात दिसतात. एखाद्या शिलालेखात व्याकरणाला अशक्य असे रूप आढळावे, त्यासारखेच हे. त्या अभ्यासकांनी जबड्याची क्ष-किरण छाननी व्हावी अशी मागणी केली. मूळ वस्तू संग्रहात असल्याने ती मागणी करता तरी आली.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. स. सुखटणकरांनी एक साधी योजना अमलात आणली होती. जेथे पाठ निश्चित नाही, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. संपादकाने पाठ निवडला आहे, पण तो किती भरवशाचा हे वाचकाला ओळीतच दिसते. जीवाश्मांच्या संग्रहालयांतही भरलेला भाग किंचित निराळ्या छटेचा ठेवण्याची जी पद्धत आहे, ती हीच. विक्रेत्याचा कारागीर याच्या नेमके उलट करतो. त्याचे कौशल्य रेघ पुसण्यात असते. म्हणून दुरुस्ती जितकी बेमालूम, तितके तिचे बाजारातील मोल अधिक आणि अभ्यासातील मोल कमी, असा विचित्र व्यवहार येथे दिसतो.

मराठी संग्रहसूचींत आज या सर्वांसाठी ‘दुरुस्त केलेला’ हा एकच शेरा पुरा मानला जातो. लोकभाषेत याहून नेमके शब्द तयार आहेत, ते वापरण्याचा संकोच नसावा. एकाच दाताचे तुकडे जोडले असतील तेथे ‘सांधलेला’, गेलेला भाग नव्याने केला असेल तेथे ‘भरलेला’, अनेक दातांचा एक केला असेल तेथे ‘जुळवलेला’, आणि साच्यातून काढला असेल तेथे ‘ओतीव’. फलटणच्या एखाद्या महाविद्यालयाने उद्या आपल्या कपाटात शार्कचा दात ठेवला, तर त्याच्या चिठ्ठीवर ‘शिखर जीवाश्म, मूळ प्लास्टरने भरलेले, स्थळ विक्रेत्याच्या सांगण्यावरून’ एवढे लिहिले तरी काम भागेल. ‘जुळवलेला’ या शब्दाची मात्र आणखी फोड करावी लागेल. एकाच जनावराचे दोन दात जुळविणे, एकाच जातीच्या दोन जनावरांचे जुळविणे आणि दोन जातींचे जुळविणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि त्या प्रत्येकासाठी मराठीत सुटसुटीत शब्द अद्याप रूढ झालेला नाही.